लायसनवरचे त्र्याण्णव

ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील आणि अक्षरही वाकडे आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. ही वही कोणाला दाखवायची नाही, पण माझ्या मागे कोणी उघडलीच, तर वाचताना त्याला त्रास होईल हे मला माहीत आहे. तारखा मात्र मी चुकत नाही. कोणाचे लग्न कधी, कोण कधी गेले, घरातले लोक अजून मलाच विचारतात.

दोन हजार चार साली मी सिंगापूरला मुलाकडे राहत होते. घर पासिर रिसला, म्हणजे बेटाच्या पूर्वेच्या टोकाला, आणि मुलाचा कारखाना पश्चिमेच्या टोकाला. आधी एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, मग कंपनीची बस, आणि ती चुकली की दुसरी. पहाटे निघायचा तेव्हा नात झोपलेली आणि परत यायचा तेव्हाही झोपलेली. नात पाच वर्षांची होती. एकदा तिने मला विचारले की बाबा फक्त रविवारी राहायला येतो का. मी ते मुलाला सांगितले नाही, सुनेला सांगितले. त्यानंतर महिन्याभरातच दोघांनी गाडी घ्यायचे ठरवले.

गाडी जुनीच होती. मुलाच्या ऑफिसातला एक जण पुण्याला परत चालला होता, त्याची घेतली. पहिल्या सोमवारी मुलगा संध्याकाळी सात वाजता दारात उभा होता. नात त्याच्या ताटात जेवली. पुढचे काही दिवस रोज तसेच.

ते दिवस तात्पुरत्या विम्यावर गेले, मग पक्क्या विम्याचा कागद आला. ज्याच्याकडून गाडी घेतली तो वर्षाला नऊशे डॉलर भरत होता, आणि आम्हाला सांगितले दोन हजार सहाशे चाळीस. मला वाटले आकडा चुकला असेल. पण मुलाने भरले, कारण विमा नसला तर गाडी रस्त्यावर काढताच येत नाही. सून एका ऑफिसात हिशेबाचेच काम करते. तिने कागदावर बेरीज केली, विमा, पेट्रोल, पार्किंग, आणि म्हणाली की विमा दोन हजारांच्या आत आला तर गाडी ठेवू, नाहीतर महिनाअखेर विकून टाकू. टॅम्पिनीसचा एक जुन्या गाड्यांचा दलाल घ्यायला तयारच होता. तिचे काही चुकले नव्हते. पगार दोघांचे होते, पण तिकडे घरांची भाडी ऐकून माणूस पाणी मागतो.

 मी अशी चटकन बोलणारी नाही. पण विम्याचे कागद मला नवे नव्हते.

आमच्या यजमानांचा पुण्यात मार्केट यार्डात टेम्पो होता. ते गाडीवर, त्यामुळे विम्याच्या ऑफिसात दरवर्षी मी जायची. वर्षभर अपघात केला नसेल तर बोनस मिळतो, म्हणजे पुढच्या वर्षी पैसे कमी, हे मला तिथल्या शिपायाने सांगितले होते. कारकून मात्र तो बोनस स्वतःहून कधी लावायचा नाही. मला भांडता येत नाही. मी समोरच्या बाकावर बसून राहायची. जेवायची सुट्टी झाली तरी बसलेली, ते परत आले तरी बसलेली. शेवटी तोच कंटाळून म्हणायचा, बाई, आणा तो कागद.

आमच्या ब्लॉकखाली, म्हणजे इमारतीखाली, एक तमिळ गृहस्थ रोज सकाळी पेपर वाचत बसायचे. निवृत्त टॅक्सी ड्रायव्हर. सगळे त्यांना अंकल म्हणायचे. हिंदी मोडकेतोडके बोलायचे, माझ्याइतकेच. भाजी घेऊन येताना मी तीन दिवस त्यांच्यासमोरून नुसती गेले. चौथ्या दिवशी पिशवी खाली ठेवली आणि विचारले. त्यांना वाटले मीच गाडी चालवते. खूप हसले आणि मग नीट समजावून सांगितले. पाच वर्षे क्लेम नसला तर निम्मे पैसे माफ, पण ती सवलत माणसाची, गाडीची नाही. म्हणजे पुण्याला गेलेल्याची सवलत त्याच्याबरोबर गेली. मात्र पोलिसांकडे काही गुन्हा नसला तर थोडी सूट, काम खुर्चीत बसून करायचे असले तर थोडी, दुरुस्ती कंपनीच्याच गॅरेजात करू असे लिहून दिले तर थोडी. आणि नवा ड्रायव्हर असला तर उलट जास्त पैसे.

“लेकिन आंटी, पूछना पड़ता है,” ते म्हणाले. “ये लोग खुद कभी नहीं बोलता.”

हे तर मला ठाऊकच होते.

त्या रविवारी मी मुलाकडे विम्याची फाइल मागितली. सून कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, “आई, एजंट व्हायचा विचार आहे का? पहिलं गिऱ्हाईक मी.” मी म्हटले, तुला सूट देणार नाही. ती हसली, पण फाइल तिनेच काढून दिली.

मी कागद फरशीवर मांडले. इंग्रजी मला सलग वाचता येत नाही, अक्षर अक्षर लावावे लागते, आकडे मात्र येतात. विमा कंपनीच्या एजंटने भरलेल्या फॉर्मवर मुलाच्या नावापुढे गाडी चालवायला कधी शिकला त्याचे साल होते, दोन हजार दोन. मी ते परत वाचले. दोन हजार दोनमध्ये तर तो सिंगापूरला जायच्या तयारीत होता. लायसन त्याने काढले ते त्र्याण्णव साली, बारा जुलैला. त्याच दिवशी संध्याकाळी वडिलांच्या टेम्पोत बसवून मला कात्रजपर्यंत नेले होते. मी डोळे मिटून बसले होते.

लायसनची झेरॉक्स फाइलमध्येच होती. तेव्हा आमच्याकडे लायसन छोट्या पुस्तकासारखे असायचे. सिंगापूरला जायच्या आधी त्याचे ते पुस्तक हरवले म्हणून नक्कल काढली होती, तिच्यावर इंग्रजी शिक्का होता दोन हजार दोनचा. आणि वर, शाईने, मराठी आकड्यांत, मूळ तारीख लिहिलेली होती. १२-७-९३. एजंटला इंग्रजी शिक्का तेवढा वाचता आला. त्याने तोच उचलला आणि अकरा वर्षे गाडी चालवणारा माझा मुलगा नवशिका ठरला.

मुलाला दाखवले तर तो डोक्याला हात लावून बसला. “आई, मी सही करताना वाचलंच नाही गं.”

एजंट दिल्लीकडचा होता, पण इंग्रजी शाळेत शिकलेला, देवनागरी आकडे त्याला येत नव्हते. शनिवारी घरी आला, टाय लावून. चहा घेताना झेरॉक्स उलटसुलट करून पाहिली. मराठी नऊ त्याला इंग्रजी ई सारखा दिसला. म्हणाला, “ये क्या है आंटी, ई थ्री? ब्लॉक नंबर है क्या?” नात खो खो हसली. मुलाने समजावून सांगितले, तर म्हणाला की मी मानतो, कंपनी मानणार नाही, इंग्रजीत काहीतरी आणा, ठप्प्यासकट. बाकीच्या तीन सवलतींचेही मी मुलाला विचारायला लावले. तेव्हा तो माझ्याकडे बघून म्हणाला की हो, मिळतात. आधी का नाही सांगितले, हे मुलाने विचारले नाही आणि मीही विचारायला सांगितले नाही. ते मिळवूनही विमा दोन हजार दोनशेच्या खाली येत नव्हता. सगळे त्र्याण्णववर अडले होते.

मी पुण्याला बहिणीच्या मुलाला फोन लावला. त्याने जयभीम मावशी म्हणून चौकशी सुरू केली, पण फोनचे कार्ड दहा डॉलरचे होते म्हणून मी लगेच मुद्द्यावर आले. आरटीओत जा, तिथल्या नोंदीचा दाखला काढ, सही-शिक्क्यासकट पाठव. कारकुनाशी वाद घालू नको, समोर बसून राहा.

महिना संपत आला. दलालाचा फोन आला आणि सूनबाईंनी तो घेतला. मी स्वयंपाकघरात होते. हात पुसून बाहेर आले.

“अजून एक महिना थांब,” मी म्हटले. “कागद येईल.”

“आणि नाही आला तर?”

“तर दलालाकडे मी स्वतः येईन तुझ्याबरोबर. गाडी धुऊन देईन.”

 इतके सरळ मी तिच्याशी कधी बोलले नव्हते. तिने फोनवर इंग्रजीत काहीतरी सांगितले आणि ठेवला.

तीन आठवड्यांनी पाकीट आले. मुलाने उघडले आणि सोफ्यावर आडवा होऊन हसायला लागला. दाखला अगदी व्यवस्थित होता, गोल शिक्का, सही, जावक क्रमांक, आणि सगळा मराठीत. आकडेसुद्धा. चूक माझी होती. इंग्रजीत माग असे मी भाच्याला सांगितलेच नव्हते. माझ्या डोक्यात दाखला म्हणजे मराठीच.

पुन्हा पाठवायला वेळ नव्हता. तेव्हा सूनच म्हणाली की याचे इंग्रजी मी करते. तिने एजंटला विचारून घेतले. शपथेवर भाषांतर खरे आहे असे लिहून दिले आणि त्यावर वकिलाचा शिक्का असला तर चालणार होते. बेडोकला असे शिक्के देणारे एक चिनी वकील होते. तिने अर्ध्या दिवसाची रजा काढली.

ती मुंबईत इंग्रजी शाळेत शिकलेली. मराठी बोलते छान, पण सरकारी हस्ताक्षर तिला लागेना. मी एकेक ओळ वाचायची, अर्थ सांगायचा, आणि ती लिहायची. ‘मूळ अनुज्ञप्ती’ म्हणजे पहिले लायसन, हे टेम्पोच्या कागदांमुळे मला माहीत. वकिलांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून तिला विचारले की हे आकडे तुम्ही वाचलेत का. तिने माझ्याकडे बोट दाखवले आणि काहीतरी सांगितले. बाहेर आल्यावर मी विचारले, काय म्हणालीस?

“म्हटलं, शपथ मी घेते, पण ही भाषा सासूबाईंना माझ्यापेक्षा जास्त येते.”

आम्ही रस्ता ओलांडला. मग तिला म्हटले, चल, कॉफी पाज.

कंपनीने मानले. चारही गोष्टी धरून विमा झाला सतराशे दहा डॉलर. सुनेने दलालाला स्वतः फोन करून नाही सांगितले.

आता भरलेल्यापैकी नऊशे तीस परत यायचे होते. दोन आठवड्यांनी चेक आला तो सातशे चाळीसचा. मुलगा म्हणाला, जाऊ दे ना आई, एवढे आले तेच खूप. मी त्याला विचारले की कमी कसे. तर त्यांनी कागद पोचला त्या दिवसापासूनचा हिशेब धरला होता. मी म्हटले, तू काय कागद पोचला त्या दिवशी गाडी शिकलास? चूक पहिल्या दिवसाची, तर पैसेही पहिल्या दिवसापासूनचे.

त्याला हे इंग्रजीत लिहायला लाज वाटत होती. सुनेने लिहिले, चार ओळींत, आणि पाठवायच्या आधी मला मराठीत वाचून दाखवले. मी एक शब्द बदलायला लावला. तिने ‘विनंती’ लिहिले होते.

उरलेले एकशे नव्वद महिनाभराने आले. पूर्ण.