गटात पहिला येईल तोच जाणार

धाकटी जाऊ सासऱ्यांशेजारच्या खुर्चीत बसली, त्या संध्याकाळपासून माझ्या पोटात दुखायला लागलं. आष्ट्यातल्या आमच्या घरात थोरली सून सासऱ्यांसमोर बसत नाही. अठरा वर्षं मी स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी राहिले. सासूबाई गेल्या, मामंजींचं पथ्यपाणी माझ्याकडं आलं, त्यांच्या गोळ्यांच्या वेळा मला पाठ झाल्या. पण बस म्हणून कुणी म्हटलं नाही आणि आपण होऊन बसण्याची माझी छाती झाली नाही.

धाकटी कोल्हापूरची. तिच्या माहेरच्या पेठेत फुटबॉलवरून घराघरात भांडणं होतात म्हणे. दीर फौजेत, लांब सीमेवर, म्हणून ही आमच्याकडं. मामंजीही फौजेतूनच निवृत्त झालेले, पलटणीच्या फुटबॉल संघात गोलकीपर होते. टीव्हीवर आशियाई चषकाच्या पात्रता फेरीचे सामने लागले आणि या दोघांचं गूळपीठ जमलं. "ये गं, बस हितं," मामंजी म्हणाले. आणि ती बसली की! जराही न लाजता.

मामंजींनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तक्ता आखला. गट चार देशांचा, त्यात एक आपला. प्रत्येकाशी दोनदा गाठ, एकदा आपल्या घरी, एकदा त्यांच्या. जिंकलं तर तीन गुण, बरोबरीला एक. सहा सामने झाले की चौघांतला पहिला तेवढा मुख्य स्पर्धेला जाणार, बाकीचे तिघे घरी. तक्ता भरायचा मान धाकटीला. तिच्या हातात पेन आणि माझ्या हातात चहाचा ट्रे.

मला फुटबॉलशी काही देणंघेणं नव्हतं. तरी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत मी मोबाईलवर नियम वाचायला लागले. एवढा अभ्यास दहावीला केला असता तर आज कुठंतरी मास्तरीण असते.

एकदा मामंजींनी विचारलं, "दोघांचं गुण सारखं झालं, तर वर कोण?"

"गोल मोजायचं मामंजी," धाकटी म्हणाली. "केलेल्यातनं खाल्लेलं वजा."

माझ्यानं राहवेना. चौकटीतूनच म्हणाले, "न्हाई. ह्या फेरीत आधी त्या दोघांच्यातल्या गाठी बघत्यात. तिथं ज्याचं गुण जास्त, त्यो वर. बाकीचं गोल मागनं."

धाकटीनं मोबाईलवर बघितलं. "आक्कांचंच बरोबर हाय."

मामंजी एकदम खूश झाले. तिच्याकडं वळून म्हणाले, "झ्याक! थोरलीलाबी शिकवलंस की गं!"

"आवं, मी न्हाई शिकवलं," ती म्हणाली. पण तोवर मामंजींनी टीव्हीचा आवाज वाढवला होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ती गप्प राहून शाबासकी घेती, तर तिच्यावर मनसोक्त राग तरी धरता आला असता. तेवढीही सोय तिनं ठेवली नाही.

पुढचा सामना आपल्याच मैदानावर होता. तोवर आपण एकही जिंकलेला नव्हता. हा गेला की सगळंच गेलं. त्या दिवशी दिवा लावताना मी देवापुढं वाटीभर साखर ठेवली आणि पदर पसरून म्हणाले, "हरू दे. एकदाचं हे संपू दे. ती खुर्ची रिकामी होऊ दे." फौजी माणसाच्या घरात उभी राहून मी हे मागितलं.

पहिला गोल आपण केला. धाकटी टाळ्या पिटत उठली, मामंजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मी मनातल्या मनात देवाला आठवण करून दिली. मग बरोबरी झाली. मग त्यांचा दुसरा गोल. सामना संपला तेव्हा धाकटी रडत होती.

"दोन सामनं हायती की अजून," मामंजी म्हणाले. तिचं रडू थांबेना, म्हणून मीच सांगितलं, "दोनी जिंकलं तरी वरच्या दोघांच्या बरोबरीला जेमतेम येतोय मामंजी. आन् ते दोघं आजून एकमेकांसंगं खेळणार. एक तर म्होरं जाणारच. संपलं आपलं."

मामंजींनी टीव्ही बंद केला. तक्त्याची घडी करून उठले आणि जेवणाआधी देवाला हात जोडायला आत गेले. परत आले ते साखरेची वाटी घेऊन.

"ही कुणी ठिवली?"

"मी," माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांचे डोळे भरून आले. धाकटीला म्हणाले, "बघ. आपण दोघं नुसतं बोंबलत बसलो. देवाला गाऱ्हाणं घालायचं हिलाच सुचलं." धाकटी डोळे पुसत खुर्चीवरून उठली. मामंजींनी ती खुर्ची माझ्याकडं सरकवली. "बस. म्होरल्या बारीला तक्ता तू भरायचा."

मी बसले. मामंजींनी चिमूटभर साखर माझ्या तळहातावर ठेवली. "परसाद हाय, खा," म्हणाले.

मी खाल्ली.