रोमपुढची खूण

हिवाळी कोट बाहेर काढताना अस्तरात अडकलेला पेन्सिलीचा बोटभर तुकडा हाताला लागला, आणि बाबांची इटली आठवली. चित्रकलेचे मास्तर म्हणून रिटायर झालेल्या बाबांनी वहीत इटलीतल्या म्युझियमची गावं लिहून आणली होती: फ्लॉरेन्स, व्हेनिस, सिएना, रोम. ते माझ्याकडे जर्सी सिटीला आले की आम्ही दोघं जाणार होतो. पण माझ्या व्हिसाचं एक्स्टेन्शन अडकलं, बाहेर पडले तर परत येता येईल की नाही कळेना, म्हणून ट्रिप कॅन्सल केली. मग शनिवारी त्यांना मॅनहॅटनच्या म्युझियममध्ये नेलं. ओल्या कोटांचा वास, पायाखाली करकरणारी लाकडी जमीन. बाबा आधी चित्राशेजारची पाटी वाचायचे, "हे फ्लॉरेन्सचं. झालं फ्लॉरेन्स," म्हणायचे आणि वहीत बरोबरची खूण करायचे. पेन बघून गार्डबाई लगबगीनं आल्या, "ओन्ली पेन्सिल, सर," म्हणाल्या आणि स्वतःच्या खिशातला हा तुकडा त्यांना देऊन गेल्या. संध्याकाळी पाहिलं तर फक्त रोमपुढे खूण नव्हती. "अहो बाबा, रोमची तर किती चित्रं पाहिली!" त्यांनी वही मिटली, पेन्सिल माझ्या खिशात टाकली. "राहू दे एक. तू न्यायचंस मला." आता ग्रीन कार्ड येऊनही वर्ष झालं, नोकरी, मुलीची शाळा यांत मी विसरूनच गेले होते. तशीच पुण्याला फोन लावला. "बाबा, गुडघे कसे आहेत?" ते लगेच म्हणाले, "रोमपुरते आहेत."