एकोणसाठचं इंजिन

आमच्या ह्यांचं नाव सियोन. मुंबई सोडून लंडनजवळ इल्फर्डला आलो त्याला जमाना झाला. पोस्टात सॉर्टिंगची नोकरी केली, रिटायर झाले, पण माणसाचा सगळा जीव त्या मॉरिस मायनरमध्ये. एकोणसाठ सालची गाडी. दर रविवारी पुसून, चकाचक करून मला फिरवून आणायचे, मला जायचं असो वा नसो.

दोन हजार चारच्या जानेवारीत इंजिनातलं पाणी गोठलं आणि ब्लॉकला ही एवढी चीर गेली, इंजिन कामातूनच गेलं. पाणी गोठू नये म्हणून अँटीफ्रीझ घालायचं, हेच विसरले होते. "डोकं चालेनासं झालंय माझं," म्हणाले आणि खिडकीपाशी खुर्चीत बसले ते बसलेच. ह्यांचा थोरला भाऊ रिटायर झाल्यावर असाच बसला होता, वर्षाच्या आत गेला. गाडी गेली खड्ड्यात, मला माझा माणूस उठून उभा हवा होता.

शेवटी मीच टालियाला, आमच्या लेकीला, कामाला लावलं. तिने जुन्या गाड्यांच्या मासिकातली एक जाहिरात शोधली: मॉरिसची इंजिनं, नॉरफोकला. "पप्पा, कुठल्या इयरचं विचारू?" तिने फोन कानाला लावूनच विचारलं. हे खुर्चीतूनच पुटपुटले, "एकोणसाठ." टालिया फोनवर इंग्रजीत काहीतरी बोलली आणि म्हणाली, "आहे! संडेला या म्हणाला."

रविवारी टालियाच्या गाडीतून निघालो. हे मागच्या सीटवर, पण नवा शर्ट घालून. तेवढ्यानेच मला केवढं बरं वाटलं!

विकणारा म्हातारा शेतकरी होता. शेडमध्ये नेऊन त्याने ताडपत्री उचलली. हे वाकले, ब्लॉकवरची नंबराची पट्टी बोटाने पुसली आणि तसेच मागे फिरले.

"काय झालं?" मी विचारलं.

"नंबर दहाने सुरू होतोय. आपला नऊने होतो. हे नंतरचं, मोठं इंजिन."

"मग काय, बसत नाही का?"

"बसेल की. पण मग ती आपली गाडी राहणार नाही." आणि चालायला लागले, खांदे पाडून.

मी टालियाकडे वळले. "काय सांगितलंस गं तू ह्याला?"

"सिक्स्टी-नाइन! पप्पा एकोणसाठ म्हणाले ना? साठ आणि वरती नाइन!"

"अगं शहाणे! एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी! फिफ्टी-नाइन!" मी अशी ओरडले की बाहेरच्या कोंबड्या फडफडल्या. पोरीचे डोळे भरले. "माझा चूक झाला, मम्मी," म्हणाली. चूक झाला! मराठीची पार वाट, आणि त्यात माझा नवरा परत खुर्चीत जाणार. मला तिचा राग आला आणि रडूही आलं.

मराठीतलं त्या म्हाताऱ्याला काय कळणार? पण फिफ्टी-नाइन तेवढं कळलं. "तुम्हाला फिफ्टी-नाइन हवंय?" तो म्हणाला. "आधी नाही का सांगायचं? माझ्या बहिणीच्या गाडीचं पडलंय. एवढंसं इंजिन कोण घेणार, म्हणून जाहिरातीत टाकलंच नाही."

खुराड्यामागे पोत्यांखाली ते होतं. वर कोंबड्यांची घाण. हे चक्क गुडघ्यांवर बसले. पट्टी घासली. नऊ! मग प्लग काढून हाताने पंखा फिरवला. आधी हलेना. पुन्हा जोर केला, तशी आतून सुस्कारल्यासारखी हवा आली आणि ते फिरलं.

"हेच," हे म्हणाले. टालियाने ह्यांच्या गळ्याला मिठी मारली. मी पोत्यावरच बसले.

पुढचे दोन आठवडे हे आणि गाडी गॅरेजमध्ये. जेवायलासुद्धा हाका माराव्या लागायच्या, आणि मला त्या मारायला काय मजा यायची!

गाडी सुरू झाली त्या दिवशी आम्हा मराठी ज्यूंच्या रीतीप्रमाणे, प्रेषित एलियाहू हन्नबीच्या नावाने मी मलिदा केला. भिजवलेल्या पोह्यांत ओलं खोबरं, साखर, वेलची घालून ताट सजवलं, शेजारपाजारची आपली माणसं बोलावली. प्रार्थना झाली. ह्यांनी पहिला घास घेतला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "हदासा, वेलची कमी पडली."

"मग स्वतः करायचा होतात!" मी म्हटलं, आणि पदर डोळ्यांना लावून खुशाल रडले.