साहेबांचं ‘परहॅप्स’

किस्से काही कुणी जमवायला जात नाही. एखादा माणूसच असा नशिबी येतो, की आठवड्याला एक किस्सा पदरात टाकल्याशिवाय तो घरी जात नाही. एकाहत्तर-बहात्तर साली सोलापुरात आमच्या चादरीच्या कारखान्यात मुंबईहून एक मॅनेजर आले. मी तिथे टायपिस्ट. या गृहस्थाच्या तोंडून सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ कधी ऐकलंच नाही. मे बी, प्रोबॅब्ली, परहॅप्स, आय थिंक सो. चांगलं इंग्रजी म्हणे असंच मऊ असतं. मऊ कसलं, निसटायला बरं!

*

हेडक्लार्क मल्लप्पाअण्णा साधे माणूस. एका दुपारी त्यांनी आपुलकीनं विचारलं, “साहेब, जेवण झालं का?”

“आय थिंक सो.”

अण्णा माझ्या टेबलापाशी आले. “बाई, सोताच्या पोटाचं बी ह्यांना नक्की ठाव न्हाय. आता कुणाला विचारायचं?”

*

टेंभुर्णीचे मेहबूबभाई ट्रकवाले. माल तयार आहे का, असं त्यांनी फोनवर विचारलं. साहेब म्हणाले, “प्रोबॅब्ली.” मेहबूबभाई ट्रक घेऊन हजर, आणि चादरी अजून मागावर. दुपारभर उन्हात ताटकळले, मग थेट केबिनमध्ये शिरले.

“साब, वो प्रोबॅब्ली कौनसे गोदाम में है? मेरेकू गाडी लगाना है.”

*

रंगखात्याच्या मास्तरांचं मात्र हसण्यावारी नेता येत नाही. लाल रंग द्यायचा की मरून, त्यांनी विचारलं. “मे बी रेड.” बिचाऱ्यांनी लाल दिला. गिऱ्हाइकाला हवा होता मरून. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “आय ओन्ली सेड मे बी.” मेमो मास्तरांना, आणि तो टाइप करायचा मी. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

*

आणि आमची सरोजा. टेलिफोन ऑपरेटर, विणकराची पोर. वडिलांचा माग बंद पडल्यापासून सगळं घर तिच्यावर, आणि ही दोन वर्षं टेम्पररी. टेम्पररीला रजा नाही, म्हणून तापानं फणफणली तरी बोर्डावर हजर. परमनंट कधी करणार विचारलं, की “परहॅप्स आफ्टर दिवाळी.” दिवाळी झाली. “पॉसिबली बाय मार्च.” मार्चही गेला. सरळ नाही म्हणाला असता तर तिनं दुसरीकडं तरी अर्ज केला असता. पोरीला नुसतं आशेवर लटकवून ठेवायचं आणि आपण मोकळं राहायचं. मला तर अस्सा राग यायचा!

*

मग एक दिवस मुंबईच्या मोठ्या साहेबांचा ट्रंककॉल आला. सरोजानंच तो जोडून दिला, आणि लाईन तुटू नये म्हणून हेडफोन कानाला ठेवून बसली. ट्रंककॉलवर सगळेच ओरडून बोलायचे, त्यामुळे केबिनचं दार बंद असूनही आम्हाला साहेबांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

“टेम्पररी स्टाफ, सर? मोअर दॅन अ इयर?” त्यांनी प्रश्नच परत म्हटला. अण्णांनी पेन खाली ठेवलं.

“नो, सर. नॉट वन. डेफिनिटली नॉट.”

एवढ्या काळात पहिल्यांदा नक्की बोलला माणूस, आणि तेही हे! मी खुर्चीवरून उठलेच. पण तेवढ्यात सरोजानं माउथपीस तोंडाजवळ ओढला.

“देअर इज वन, सर,” ती म्हणाली. “स्पीकिंग.”