भाविकाची गॅलरी दिसली पाहिजे

घर घेणाऱ्या माणसाच्या अटी असतात. कुणाला पूर्वेचा दरवाजा लागतो, कुणाला स्टेशन जवळ लागतं. विनिताची अट एकच होती आणि ती तिने नवऱ्यालाही सांगितली नव्हती. धाकट्या जावेची, भाविकाची, गॅलरी आपल्या गॅलरीतून दिसली पाहिजे. आणि दिसायची तर वरून दिसली पाहिजे.

हे खूळ शिरलं गेल्या पाडव्याला. भाविकाने उलव्याला अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि पूजेला सगळा गाव बोलावला. विनिता थोरली जाऊ, म्हणून तिने पुढे होऊन वाढलं, हसली, फोटोत मधोमध उभी राहिली. पण लिफ्टमध्ये चढताना तिला समोर आरसा दिसला होता. माणसांना वर-खाली नेणाऱ्या डब्यात आरसा! त्यात तिचं तोंड तिला भाविकाच्या शेजारी दिसलं आणि तिथेच बिनसलं. त्यात भाविकाने निरोप देताना म्हटलं, "येत जा गो बाय. आमचे गॅलरीशी बंदराचे दिवे दिसतान. आनि मासलीचा वास नाय, सोसायटीचा नियमच हाय तसा." मासळीचा वास नाही, हे खाडीकाठी मिठागराच्या बांधावर वाढलेली बाई अभिमानाने सांगते, यावर विनिताने पुढे चार महिने गावात व्याख्यानं दिली. घरी येऊन मात्र स्वतःच्या न्हाणीच्या फरशीकडे बघत बसायची.

तिचा नवरा मितेश सरळ माणूस. बंदरावर दोन ट्रेलर चालायला लागले, तसं त्यानेही ठरवलं की शहरात घर घ्यायचं आणि येत्या पाडव्याला टोकन द्यायचं. त्याच्या मनात करंजाडे. चार मजली इमारत, लहानशी लिफ्ट, खोल्या मोठ्या, खाली किराणा, पनवेलचा बाजार हाकेवर, निम्मी वस्ती नात्यातली. सासूने, कृष्णाबाईने, घर न बघताच दोन प्रश्न टाकले. मासळीवाली दारात येते का, आणि गच्ची उघडी असते का? दोन्हींचं उत्तर हो आलं, तेव्हा तिने बोचकं बांधायची तयारी दाखवली. उलव्याला मात्र ती यायची नव्हती. तिथे गेलात तर मी गावातच राहीन, असं तिने भाकरी थापता थापता सांगून टाकलं.

विनिताने दोन्ही ठिकाणं पाहिली, अगदी निष्पक्षपणे. करंजाड्याला जिना अरुंद निघाला, शेजारी फार बोलके निघाले, किराणावाल्याची नजर तिला आवडली नाही. उलव्याला, भाविकाच्याच सोसायटीत, खोल्या काड्यापेटीएवढ्या होत्या, तर ती म्हणाली, झाडायला बरं. नळाला पाण्याची धार बारीक होती, तर म्हणाली, पाणी किती शांत येतं. मितेश ऐकत होता आणि डोकं खाजवत होता.

दाखवणारा एजंट ओंकार चांगला मुरलेला होता, पण या बाईने त्याला बुचकळ्यात टाकलं. तो म्हणायचा, ताई, इकडून खाडी दिसते. ती विचारायची, बी विंग कुठल्या अंगाला? तो म्हणायचा, इकडून डोंगर. ती म्हणायची, डोंगर जन्मभर बघितला, बी विंग दाखवा. शेवटी पाडव्याच्या आदल्या रविवारी त्याने तिला ए विंगच्या तेराव्या मजल्यावर नेलं. मितेश खाली पार्किंगचं विचारायला थांबला होता. विनिता तडक गॅलरीत गेली, पदर खोचला आणि खाली वाकली.

समोरच बी विंग. दोन मजले खाली भाविकाची गॅलरी. बघावी तितकी कमी!

आधी तिला दिसली ती नुसती साडी, दोरीवर वाळत घातलेली. मग वाऱ्याने साडी बाजूला झाली आणि मागे तोंडात तोंड अडकवून लटकवलेले बोंबील दिसले. ओळीने, जोडीजोडीने, गुपचूप. वास नाही म्हणणारीच्या गॅलरीत, तेही सोसायटीच्या नाकाखाली. विनिताला इतका आनंद स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. तिने मोबाइल काढला. एक फोटो, गावच्या ग्रुपवर एकदा टाकला की वर्षाचं उट्टं निघालं असतं.

आणि तेवढ्यात भाविकाच्या कठड्यावर कावळा उतरला.

इथे विनिताचा घात झाला. लहानपणी तिच्या आईने तिला काठी देऊन सुकत्या मासळीजवळ बसवलेलं. एक बोंबील गेला की एक धपाटा. असं वाढलेल्या बाईला मासळीजवळ कावळा दिसला की ती मासळी कुणाची हे सुचत नाही. मोबाइल खाली, हात वर, आणि आख्ख्या उलव्याला ऐकू जाईल असा आवाज निघाला.

"हाऽऽ कावल्या, हाऽऽ!"

कावळा उडाला. खिडक्या उघडल्या. वॉचमनने वर बघितलं, ओंकारने कपाळाला हात लावला. बी विंगच्या बाराव्या मजल्यावरची एक बाई वाकून आधी विनिताकडे, मग खाली बोंबलांकडे बघू लागली. आणि गॅलरीत धावत आलेली भाविका बोंबील ओढून घेता घेता वर बघून थिजली. दोघी जावा, एक वर, एक खाली. लपायला दोघींनाही जागा नाही.

मिनिटभराने फोन वाजला.

"बाय, तू तेराव्या माल्यावर काय करतेस?"

"घर बघतंय."

"घर का माजी गॅलरी?"

विनिता म्हणाली, "बोंबील बरे गावले तुला."

भाविकाचा आवाज खाली आला. बाराव्या मजल्यावरची बाई तक्रार घेऊन दारात उभी होती, बोंबील बाथरूममधल्या बादलीत कोंबले होते आणि आता दंड बसायचा होता. मग तिने विचारलं, "करंजाड्याचे बिल्डिंगीला गच्ची हाय ना? उघडी?"

"हाय."

"तुजी मजा हाय मग."

तो आवाज विनिताने तत्काळ ओळखला. वर्षभर तो तिच्याच घशात मुक्कामाला होता. तिने फोटो काढला नाही. गरजच उरली नाही. खाली उतरून तिने मितेशला सांगितलं की उलव्याला काही दम नाही, करंजाडेच बरं. आपण समजावल्याचा हा परिणाम, असं तो अजून मित्रांना सांगतो. ओंकारने दोघांना पाजलेला चहा मात्र वाया गेला.

करंजाड्याच्या पूजेला भाविका आली ती पिशवीभर ओले बोंबील घेऊन. लिफ्टमधून बाहेर पडताच म्हणाली, "आरसा नाय गो हितं." विनिताचा चेहरा उतरला तेवढा उतरला. पण मग तिने जावेला गच्चीवर नेलं, सरळ उन्हात, कृष्णाबाई काठी घेऊन बसली होती तिथे, आणि तिला चहूबाजूंनी डोळे भरून बघू दिलं.

आता दर रविवारी भाविका पिशवी घेऊन येते. दोघींचे बोंबील एकाच दोरीवर वाळतात. गेल्या रविवारी विनिता बराच वेळ दोरीपाशी उभी राहिली. भाविकाचे बोंबील तिच्या बोंबलांपेक्षा बोटभर लांब होते. दुसऱ्या दिवशी तिने मासळीवालीला दारातच अडवून विचारलं, उलव्याला मासळी कोण विकतं, आणि त्याची होडी नेमकी कुठे लागते.