पाण्याची पाळी मीच दिली होती

मावशी, मेडशी फाट्यावर मला अकोल्याच्या एसटीत बसवताना आईनं डोळे पुसले नाहीत. खिडकीतून हात घालून मनगट धरलं. "तोंड उघडू नोको. काका जेलात गेला त घर उजाड होते." तुमचा रतन, माझा दोस्त, जाऊन तेव्हा नऊ दिवस झाले होते.

विहीर सामायिक. दोन दिवस आमची पाळी, तिसरा दिवस तुमच्या एकराचा. बौद्धवाड्यातल्या माणसानं त्या विहिरीत हिस्सा विकत घेतला, हे काकाला कधी पचलं नाही. त्या दिवशी पाळी आमची होती, पण मी भाजी घेऊन वाशिमला निघालो होतो. रतनला म्हटलं, आज तू घे.

"उपकार करून राह्यला काय बे? उद्या माह्या वांग्याले भाव आला त म्हणशीन, माह्याच पाण्यानं आला," असं म्हणून त्यानं हसत मोटार चालू केली.

परतलो तेव्हा काका आणि दोघं चुलतभाऊ त्याला पाटात पाडून फावड्याच्या दांड्यानं मारत होते. जबडा एका बाजूला गेलेला, दात चिखलात. काका जात काढून शिव्या देत होता, शिवीगणिक दांडा. रतननं मला पाहिलं, मोडल्या जबड्यातून कसंबसं बोलला.

"सांग ना बे. तूनंच देल्ली ना?"

काका थांबला. "तूनं देल्ली काय याले पाळी?"

"नाही," मी म्हणालो.

पुढचा घाव डोक्यावर बसला. कवठ फोडावं तसा आवाज आला. ठाण्यात आम्ही चौघांनी सही केली: विहिरीच्या काठावरून घसरला. गावात मात्र तो पाणीचोर ठरला.

अकोल्याहून पुढं पुण्याला आलो. इतक्या वर्षांत कंपनीतली शिफ्ट, प्रमोशन, लग्न, टू-बीएचके, सगळं झालं. फॅमिली ग्रुपवर काका दर दिवाळीला आशीर्वाद पाठवतो, मी हात जोडलेलं चित्र टाकतो. गेल्या रविवारी मुलीनं एक परदेशी सिनेमा लावला. गोरे लोक एका काळ्या माणसाला मरेस्तोवर मारतात, त्याचा गोरा दोस्त कुंपण धरून उभा. "बाबा, हा काही बोलत का नाही?" मी सिनेमा बंद केला. मग तिला सगळं सांगितलं. ती अजून माझ्याशी बोलत नाही.

गावी सख्ख्या भावाला फोन केला, जबाब द्यायला येतोय म्हणून. "गावात पाय ठेवला त तंगड्या तोडू," म्हणाला. आईनंही फोन घेतला नाही.

तरी सोमवारी येतोय. ठाण्याआधी तुमच्याकडं. मला बस म्हणू नका. गाव म्हणून आता माझ्याजवळ तुमच्या दारापुढची तेवढी जागा उरली आहे. तिथं उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचंय, की तुमच्या पोरानं पाणी चोरलं नव्हतं.