खिडकीतून ऐकलेला सिनेमा

तिकीटखिडकीवरच्या बाईंनी तो जुना रहस्यपट कैक वेळा ऐकला होता, पाहिला मात्र कधीच नव्हता. खिडकीच्या पाठीशीच सिनेमागृहाची भिंत. संवाद त्या भिंतीत विरून जात, अलीकडे येई ते फक्त संगीत. तेही कसलं? एकच तंतुवाद्य! आणि वाजवणारा अशा खुशीत तारा छेडायचा, जणू घरी पाहुणे यायचेत. त्यावरून बाईंनी परस्पर ठरवून टाकलं की सिनेमा विनोदी आहे. "मुलांनाही आणा, पोट धरून हसतील," असं त्या गिऱ्हाइकांना बिनदिक्कत सांगत.

त्यांचे यजमान वरच्या खोलीत सिनेमाचं यंत्र चालवत. त्यांना दिसे सगळं, पण यंत्राच्या खडखडाटात ऐकू काही येत नसे.

"अगं, युद्ध संपलंय, शहर ढासळलंय, आणि एक माणूस भावाचा खुनी शोधत फिरतोय. यात हसण्यासारखं काय आहे?"

"ऐकू येत नाही ना तुम्हाला? मग गप्प बसा!"

हा वाद जन्मभर सुखानं चालला असता. पण बाईंच्या थोरल्या बहिणीचे यजमान वारले आणि अखंड बडबडणारी ताई मुकीच झाली. जेव म्हटलं की जेवायची, बस म्हटलं की बसायची. तिला एकदा तरी हसवायचंच, असं बाईंनी मनावर घेतलं. दुपारच्या खेळाला खिडकीवर दारवानाला बसवून त्या ताईला घेऊन आत गेल्या.

अंधार झाला, ओळखीची धून सुरू झाली आणि पडद्यावर आली शवपेटी.

बाईंनी घाईघाईनं ताईचं मनगट धरलं. "ताई, ऊठ. चल घरी. चुकलंच माझं."

ताई उठेना. पेटी खड्ड्यात उतरत होती, माणसं टोप्या काढून उभी होती, आणि वाद्याचं आपलं टुणटुण, टुणटुण बागडणं चालूच! पुढे खुनी भिंतीआड दबा धरून बसला, तरी तेच. ताई डोळे बारीक करून पडद्याकडे बघे, मान तिरकी करून कान देई, पुन्हा बघे. शेवटी ती बाईंकडे वाकली.

"काय गं, या वाजवणाऱ्यालाही तुझ्यासारखं खिडकीतच बसवलं होतं का?"

आणि स्वतःच्याच बोलण्यावर ती अशी खदखदली, की पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी वळून "शूऽऽ" केलं.

बाईंनी मागे वर, यंत्राच्या झरोक्याकडे पाहिलं. यजमानांना हे हसू ऐकू जाणार नव्हतंच. म्हणून त्यांनी ताईची हनुवटी धरून तिचा चेहरा तिकडे वळवला. दिसत तरी होतं ना त्यांना!